नंद्याचं आवतन

१

जानरावचा दिवस चहाने उगवत नसे, शेणाने उगवत असे. उठला की चूळही न भरता तो गुरांच्या कोठ्यात जाई आणि एकेका जनावरामागे वाकून शेणाचा पो पाहून घेई. पातळ आहे का, कोरडा आहे का, वास कसला येतो. जनावराची तब्येत तोंडावर नसते, मागे असते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याची बायको भागिरथा यावर म्हणे, "माह्या तोंडाकडं कवा इतकं निरखून पाह्यलं नाही तुमी." जानराव हसून विषय कुटाराकडे नेई. तूर-सोयाबीनचा तो भुसा चाळून, पाणी शिंपडून, टोपल्याटोपल्याने गव्हाणीत टाकायचा, हे काम त्याने कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

किन्हीराजा गावाच्या टोकाला त्यांचं घर. पोरीचं लग्न होऊन ती वाशीमला गेली, तेव्हापासून घरात ही दोघं आणि कोठ्यात चौघं. भिंतीला लागून नंद्या, त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार बांड्या, मग तांबडी गाय आणि दाराशी तिची कालवड. जोडी मोठी देखणी. नंद्या पांढरा आणि हावरा. गव्हाणीत तोंड घालायचा तो थेट मधोमध, आणि कुटारात खड्डा पाडत जायचा. बांड्या काळा-पांढरा आणि सावकाश. कडेकडेने खायचा, पंगतीत बसलेल्या जावयासारखा. वैरण द्यायला उशीर झाला की नंद्या शिंग गव्हाणीच्या लाकडावर आपटायचा. ठक, ठक, आणि मग थोडं थांबून पुन्हा ठक.

श्रावणात लंपीची साथ आली आणि नंद्या गेला. अंगभर गाठी आल्या, पाय सुजले, जिभेवर फोड आले. जानराव ओंजळीने त्याला पाणी पाजत बसायचा, आणि ते त्याच्या जबड्याच्या कडेने खाली गळून जायचं. गेला त्या सकाळी शेजारच्या वावराचा जमशेद ट्रॅक्टर घेऊन आला. दोघांनी मिळून शिवेजवळच्या वावरात खोल खड्डा करून, चुना आणि मीठ टाकून त्याला पुरलं. जमशेद कोणाची थट्टा केल्याशिवाय राहत नसे, पण त्या दिवशी तोही खाली मान घालून माती लोटत राहिला. बांड्या मात्र कितीतरी दिवस हंबरत राहिला.

मग पोळ्याचा आदला दिवस आला. वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने तूप-हळद खांद्याला चोळायची, वर्षभर जू ओढलेली जागा मऊ करायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' जानराव हे लहानपणापासून करत आला होता. त्याने बांड्याचा खांदा शेकला, कानाशी शब्द म्हटले, वाटीत पान बुडवलं आणि भिंतीकडे सरकला. मन कुठे होतं कोण जाणे. हात सवयीच्या उंचीवर गेला, पान सवयीप्रमाणे फिरलं, आणि तोंडाने म्हटलं, "आज आवतन घे बापा, उद्या जेवाले ये."

मग त्याला भान आलं. समोर रिकामा खुंटा होता. त्याचे डोळे भरून आले आणि स्वतःचीच लाज वाटली. वाटी उचलून तो बाहेर उजेडात आला, तेव्हा हातातल्या पानाकडे त्याचं लक्ष गेलं. पानाला तूप-हळद उरली नव्हती. चार-दोन पांढरे केस चिकटले होते. बांड्याच्या अंगावरही पांढरे पट्टे होतेच की, असं म्हणून त्याने पान उकिरड्यावर टाकलं.

२

साथीमुळे त्या वर्षी पोळा भरला नाही. तोरण नाही, वाजंत्री नाही, झडत्यांची गाणी नाहीत. घरच्या घरी पूजा करा, ढोरं एकत्र आणू नका, अशी दवंडी फिरली होती. भागिरथेने पुरण शिजवलं, पण जीव नसल्यासारखं. बांड्यासाठी ताट वाढलं तेव्हा जानरावला राहवलं नाही. कालचं त्याने तिला सांगून टाकलं.

त्याला वाटलं होतं, ती रडेल. तिने उठून दुसरं ताट काढलं.

"हे कायले?" जानराव म्हणाला.

"आवतन तुमी देल्लं ना? मंग पान नोको वाढू काय? दारी बलावलेल्याले उपाशी ठेवते का कोनी?"

"अवं, तो कुठी हाय आता?"

"नसला तं नसला. आपली जबान गेली ना." तिने पुरणपोळीवर तूप सोडलं आणि पदराने डोळे पुसले. "माह्याही हातचं खायाचं राह्यलंच होतं त्याचं यंदा."

तिने ते ताट नंद्याच्या गव्हाणीत नेऊन ठेवलं. खरं तर दोघांनाही त्यात बरं वाटलं. दुपारी जानराव कोठ्यात गेला तेव्हा ताट लख्ख होतं. चाटून पुसल्यासारखं नव्हे, चाटून पुसलेलंच. कोठ्याचं दार उघडं राहिलं होतं आणि गावात कुत्र्यांना तोटा नाही. जानरावने कुत्र्याला एक सणसणीत शिवी दिली आणि ताट धुवायला भागिरथेकडे दिलं. तिने ते हातात घेऊन पाहिलं. धुताना तिने त्यावर दोनदा राख फिरवली.

३

पोळ्याची कर झाली आणि रोजचं सुरू झालं. सकाळी जानराव चहा पीत असताना कोठ्यातून आवाज आला. ठक, ठक. थोडं थांबून ठक.

त्याने कप खाली ठेवला. भागिरथा भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. असले आवाज म्हाताऱ्या लाकडाला येतातच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ऊन पडलं की तडकतं. जानराव हे सगळं मनात नीट मांडून कोठ्यात गेला. बांड्या मान लांबवून भिंतीकडे पाहत उभा होता आणि जीभ काढून हवा चाटत होता. हळूहळू, वरून खाली. जोडीतले बैल एकमेकांची मान चाटतात तशी.

"सवय हो तुही," जानराव त्याला म्हणाला. "मलेही तेच झालं होतं."

आपण शहाणे आहोत आणि बैल भोळा आहे, असं वाटून त्याला तेवढ्यापुरता धीर आला. त्याने तिघांना कुटार टाकलं. नंद्याच्या गव्हाणीवर आवाज पुन्हा झाला नाही, पण तो होईल म्हणून जानरावची पाठ सारखी ताठ राहिली. शेवटी त्याने अर्धं टोपलं तिथेही टाकलं. तेवढ्याने काय बिघडतं? उरलं तर कालवडीला होईल.

संध्याकाळी त्या कुटारात मधोमध खड्डा होता.

कडा तशाच, आणि मध्ये तळ दिसेपर्यंत खोल खड्डा. कुटार ओलं होतं, चिकट होतं, कोमट होतं. बांड्याचं दावं इतकं लांब नव्हतं. जानरावने ते ओढून, मोजून, बांड्याची मान धरून ताणून पाहिलं. बांड्याचं तोंड गव्हाणीच्या कडेपर्यंतच पोचत होतं. मग त्याने स्वतःला समजावलं की कडेपर्यंत पोचतं ते जोर केला तर मध्येही पोचत असेल. ओढून ताणून चंद्रबळ आणणं म्हणतात ते हेच. पण माणसाला झोपायचं असतं, आणि त्यासाठी काहीतरी पटवून घ्यावंच लागतं.

उरलेलं कुटार त्याने कडेने गोळा केलं आणि कालवडीपुढे ओतलं. अन्न वाया घालवू नये, हे त्याला बापाने शिकवलं होतं. असं तो रोज करू लागला.

दिवस सरले आणि एका सकाळी कालवड उठली नाही. कान गरम, नाक कोरडं, आणि मानेखाली हाताला लागल्या त्या गाठी. हरभऱ्याएवढ्या, कातडीखाली सरकणाऱ्या.

४

गुरांचे डॉक्टर प्रसेनजित तरुण होते, मोटारसायकलवर गावोगाव फिरून त्यांचा घसा बसला होता. साथ ओसरली म्हणून ते थोडे निवांत झाले होते, तेवढ्यात जानरावचा फोन गेला. त्यांनी कालवडीला सुई दिली, गाठी चाचपल्या आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"काका, लस तं हिले देल्ली होती आपुन. गावात पंधरवडा झाला, नवी केस नाही. हिले कुठून लागलं?"

"तुमीच सांगा साहेब."

"गोमाश्या? गोचीड?" त्यांनी कोठाभर नजर फिरवली. कोठा स्वच्छ होता, कडुनिंबाचा धूर रोज होत होता. जानरावच्या कोठ्यात गोचीड शोधणं म्हणजे भटाच्या घरी बोंबील शोधणं. "आजारी ढोरानं तोंड लावलेली वैरन तं नाही ना घातली?"

"आजारी कोन हाय आता इथं?"

डॉक्टर भिंतीकडे गेले. नंद्याच्या गव्हाणीत त्यांनी मोबाइलचा उजेड पाडला, हातमोजा घातला आणि दोन बोटांनी कुटार उचललं. त्याला लाळेची तार लोंबली. लाळ तांबूस होती.

"काका, ही गव्हान कोनाची?"

"नंद्याची होती."

"तो तं गेला ना? मीच औषध देल्लं होतं त्याले." डॉक्टरांनी बोटं नाकाजवळ नेली आणि लगेच लांब केली. "मंग हे कोन खाऊन राह्यलं? याच्या तोंडात फोड हायेत. हा लंपीचाच वास हाय."

जानरावच्या घशात सगळं काही आलं होतं. आवतन, ताट, खड्डा. पण शिकल्यासवरल्या माणसापुढे ते शब्द बाहेर येईनात. "भाईरचं ढोर घुसत असन," तो म्हणाला.

"मंग दार लावत जा. अन् हे कुटार जाळून टाका. कोनालेच घालू नोका." निघता निघता त्यांनी बांड्याला तपासलं, डोळ्यांत पाहिलं, पाठीवरून हात फिरवला. "हा एकदम ठणठणीत हाय. याले तरी वाचवा. भाईर निंबाखाली बांधा, वेगळा."

डॉक्टर गेले आणि जानराव कोठ्यात खाली बसला. म्हणजे आपणच. आपण आपल्या हाताने, रोज, एक टोपलं गोळा करून त्या पोरीसारख्या वासराला ते खाऊ घातलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग पुन्हा मारला. कालवड त्याच्याकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

५

त्यानंतर जानरावने नंद्याची गव्हाण रिकामी ठेवली. दाराला कडी घातली. बांड्याला निंबाखाली नेलं. कोठ्यात तांबडी एकटी उरली आणि ती गाभण होती, तिला पावसात बाहेर ठेवता येत नव्हतं.

आवाज सुरू झाला तो थांबेना. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. ठक, ठक. ठक. भागिरथा घरात रेडिओ मोठा करून ठेवू लागली. जमशेद एकदा वाटेने जाताना आत डोकावला आणि म्हणाला, "क्या जानरावभाऊ, सुतारकी सुरू केली काय?" जानराव ओठ ताणून हसला. जमशेदला सांगावं, असं दोघांनाही कितीदा वाटलं. पण सांगायचं काय? गावभर होईल, आणि वर लोक म्हणतील की बैलाच्या दुःखात म्हातारा चळला. तेरीभी चूप, मेरीभी चूप.

तांबडीने तिसऱ्या की चौथ्या दिवशी खाणं सोडलं. ती भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं गेली आणि दावं गळ्यात रुतेपर्यंत ताणून उभी राहिली. मग तिच्या अंगावर गाठी उठल्या. मग तिने दिवस भरायच्या आत वासरू टाकलं, केस न आलेलं. भागिरथेने ते पोत्यात गुंडाळलं. गाय संध्याकाळी गेली, तेव्हा जमशेदचा ट्रॅक्टर पुन्हा शिवेकडे गेला, आणि खड्ड्याला खड्डा लागला.

आता उरला बांड्या. जानराव त्याच्याजवळच खाट टाकून बसू लागला. एका दुपारी बैलाच्या पाठीला पाठ लावून तो जरा पेंगला असेल नसेल. जागा झाला तेव्हा बांड्या डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून उभा होता. सुख झाल्यावर उभा राहतो तसा. जानरावने वर पाहिलं. बांड्याच्या मानेवरचे केस ओले होत होते. पट्ट्यापट्ट्याने, वरून खाली, त्याची स्वतःची जीभ जन्मात पोचणार नाही अशा जागी. एक पट्टा ओला झाला. मग त्याच्या शेजारचा.

जानराव ओरडला नाही. त्याला भीती वाटली ती नंतर. आधी वाटलं ते रडू. त्याचा नंद्या होता तो. चाटतच होता बिचारा. त्याच्या जिभेवर मरण होतं हे त्याला कुठे ठाऊक?

६

"तो जाईन कसा?" जानराव रात्रीच्या भाकरीपुढे बसून म्हणाला. "बलवाचे शब्द हायेत आपल्याजोळ. जा म्हनाचे नाहीत. बैलाले जा म्हनलं नाही कोनी कवा."

भागिरथेने तवा चुलीवरून उतरवला. "पाहुन्याले जा म्हनतच नाही," ती म्हणाली. "त्याले पोचवा लागते. माह्या मायेरी शिवेपर्यंत जाऊन पोचवत. शिवेवर उभं राहून म्हनाचं, झालं आमचं, आता तुमी जा. मंग तो मागं फिरत नाही."

यापेक्षा चांगलं काही जानरावला सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने पाहुण्याचा पाहुणचार केला. टोपलंभर कुटार, वर सरकीची ढेप, वर गुळाचा खडा. सगळं नंद्याच्या गव्हाणीत घातलं आणि दाराबाहेर येऊन उभा राहिला. आत चावण्याचा आवाज झाला. पहिल्यांदाच त्याने तो पूर्ण ऐकला.

संध्याकाळी पोचवायचं ठरलं. भागिरथा घरात थांबायला तयार नव्हती. ती दळण घेऊन चक्कीवर गेली. जानराव वाटेवरच्या मारुतीला नारळ फोडून परत आला तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला होता आणि लाइट गेली होती. कोठ्यात काळोख गच्च भरलेला. निंबाकडे नजर न टाकता तो तसाच आत शिरला आणि चाचपडत भिंतीपर्यंत गेला. पोळ्याला एकट्या बांड्यासाठीही त्याने नवी दावी दोन आणली होती, कारण दावी जोडीनेच मिळतात. त्यातलं नंद्याच्या वाट्याचं दावं त्या खुंट्यावर नुसतं अडकवलेलं होतं. आता ते खुंट्याला गाठ मारून बांधलेलं लागलं, आणि दुसरं टोक ताठ होतं.

त्याने गाठ सोडली. "चाल बापा," तो म्हणाला आणि चालू लागला.

मागून पावलं आली.

जनावर नेताना मागे पाहायचं नसतं. मागे वळून डोळ्याला डोळा दिला की बैल पाय रोवतो. जो गडी सरळ पुढे जातो त्याच्या मागे तो मुकाट येतो. जानरावला हे कोणी शिकवावं लागत नव्हतं, आणि आज तर त्याला पाहायचंही नव्हतं. दाव्याला वजन होतं. चिखलात खुरं रुतत होती आणि निघत होती. मानेवर अधूनमधून गरम श्वास लागत होता. भीती होती, पण वावराच्या वाटेला लागल्यावर ती कुठेतरी मागे राहिली. किती वर्षं या वाटेने तो असाच गेला होता. तो बोलू लागला. त्याने नंद्याला सांगितलं की तू गेलास तेव्हा मला पाणी पाजता आलं नाही. तुझा काही दोष नाही, चूक माझी, आवतन मी दिलं. बांड्या तेवढा राहू दे. म्हातारपणी आम्हाला तेवढा एक राहू दे.

शीव आली. बाभळीखाली नव्या-जुन्या मातीचे उंचवटे होते. जानरावने मागे न पाहता दावं बाभळीला बांधलं, हात जोडले आणि म्हणाला, "जेवन झालं, पाहुनचार झाला. आमचं तुह्यं झालं. आता घरची वाट इसर, अन् जाय मेलेल्याईत."

७

मागून बैल हंबरला.

जानराव जागीच थिजला. आपल्या बैलाचा आवाज धन्याला शंभरात कळतो. हा नंद्याचा नव्हता. हा जरा फाटका, शेवटी चढणारा आवाज बांड्याचा होता.

तो वळला. पावसाळी उजेड अजून थोडा उरला होता. बाभळीला बांड्या बांधलेला होता, पावसाने भिजलेला, धडधाकट, अंगावर एकही गाठ नसलेला. आपल्याला इथे कशाला आणलं, असं पाहत होता.

"अबे तू?" जानराव म्हणाला. "तू इथी कसा?" आणि त्याला हसू आलं. सुटल्यासारखं हसू. चुकून दुसराच बैल आणला, एवढंच. घरी जाऊ, पुन्हा येऊ. तो दावं सोडायला पुढे झाला.

बांड्याचे पुढचे गुडघे दुमडले. मग मागचे. दमलेला बैल रवंथ करायला बसतो तसा तो बसला, मान मातीवर लांब केली, एक मोठा श्वास सोडला आणि दुसरा घेतला नाही.

"नाही, नाही, तुले नाही म्हनलं," जानराव त्याच्या कानाशी म्हणू लागला. "तुले नाही बापा. उठ. तुले नव्हतं म्हनलं ते." त्याने शेपटी पिळली, नाकात फुंकर घातली, दोन्ही हातांनी मान उचलून धरली. मान जड होती. सोडली की खाली जात होती. किती वेळ तो हे करत होता ते त्याला कळलं नाही. मग खिशातला फोन वाजला.

"अजी, कुठी हा?" भागिरथा धापा टाकत होती. "पोचवला काय त्याले?"

जानरावने बांड्याची मान मातीवर ठेवली. "हो," तो म्हणाला.

"मले वाटलंच! घरात पाय ठेवला अन् कसं हलकं वाटलं पाहा. जमशेदभाऊ भेटले चक्कीवर. म्हने, बांड्या पावसात भिजून राह्यला होता, तुमी दोघंही नव्हते, तं मीच त्याले कोठ्यात भितीजोळ कोरड्यात बांधून आलो. बिचाऱ्याले काय मालूम, कोन्ता खुंटा ते. मी तं पयतच घरी आली. पन आता काई नाही. मस्त उभा हाय."

"कोन?"

"बांड्या हो. अंधार हाय, पन ऐका ना." तिने फोन पुढे धरला असावा. चिखलातल्या, पावसातल्या त्या वावरात जानरावच्या कानाशी दावं करकचल्याचा आवाज आला, आणि नाकपुड्यांतून जोराने सुटलेला श्वास. त्याचा दुसरा हात बांड्याच्या कपाळावर होता. कपाळ गार पडत चाललं होतं.

"दावं तोडून राह्यला," भागिरथा म्हणाली. "तुमची वाट पाहून राह्यला वाटते. सोडू काय त्याले?"

"नोको. भागिरथे, तू भाईर हो. भाईर हो तिथून."

"अवं बापा, फास बसन ना त्याले! थांबा जराशीक." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. जानराव ओरडत होता. मग फोन पुन्हा उचलला गेला आणि भागिरथा हसत होती. "सोडला. काय सुसाट पयाला हो! मले धक्कासुदा नाही लागू देल्ला, बाजूनं निंघून गेला. वावराच्याच वाटेनं येऊन राह्यला, तुमच्याकडंच. बरा हाय तो. आपला बांड्या बरा हाय, वाचला. हायेत ना तुमी तिथी?"

किती दिवसांनी ती अशी हसत होती. श्रावणापासून जानरावने तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तिला आता काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने सांगायचं, हे त्याला कळेना. तो बांड्याशेजारी मातीवर बसला. पळावंसं त्याला वाटलं नाही. बोलावलं त्यानेच होतं, आणि पोचवायचे शब्द तर खर्चून झाले होते.

"दिसला काय?" ती विचारत होती. "आला काय तो?"

वाटेवरच्या चिखलात खुरं वाजू लागली तेव्हाही जानराव तिला "हो, हो" म्हणत होता.